राणीछापाच्या आधीची चांदी

मुंबईत काळाचौकीच्या चाळींत आणि अभ्युदयनगरात लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजूनही कुणाकुणाकडे राणी व्हिक्टोरियाचा चेहरा असलेला राणीछाप रुपया येतो. नाण्यावर ज्याचा चेहरा त्याचं राज्य, ही समजूत अशाच नाण्यांनी पक्की केली असावी. त्यामुळे भारतात रोमन नाणी सापडतात म्हटलं की, रोमनांनी इथे राज्य केलं होतं का, असा प्रश्न हमखास येतो. नाही. आली ती जहाजं, मिरी आणि तलम कापड न्यायला.

यांतल्या चांदीच्या नाण्यांना देनारिउस म्हणतात. राणीछाप रुपया भरतो 11.66 ग्रॅम, हे जेमतेम पावणेचार. आजच्या रुपयापेक्षाही लहान. भारतातल्या साठ्यांत रोमन सम्राट ऑगस्टसचा एक नमुना वारंवार दिसतो. एका बाजूला सम्राट, दुसरीकडे दोन उभे तरुण आणि मध्ये ढाली-भाले. हे सैनिक किंवा जुळे देव नव्हेत. गायस आणि लुसियस, म्हणजे ऑगस्टसच्या लेकीची, ज्युलियाची मुलं. नात्याने नातू, पण इ.स.पू. 17 मध्ये आजोबांनी दत्तक घेतले, म्हणून नाण्यावर ‘ऑगस्टसचे पुत्र’. इ.स.पू. 2 पासून आजच्या फ्रान्समधल्या लियॉंच्या टांकसाळीत पाडलेली ही चक्क वारसांची जाहिरात होती. ती फुकट गेली. लुसियस इ.स. 2 मध्ये वारला, गायस इ.स. 4 मध्ये, आणि गादी मिळाली सावत्र मुलाला, टायबेरियसला. त्याच्या नाण्यावरची बसलेली स्त्री म्हणजे त्याची आई लिव्हिया, असं बेधडक लिहिलं जातं. नाण्यावर मात्र तिचं नाव नाही, तो अभ्यासकांचा अंदाज आहे.

इथल्या व्यापाऱ्याला या भाऊबंदकीशी काय घेणं? तो कस बघायचा. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोने नाण्याचं वजन आणि चांदी दोन्ही घटवली. भारतातल्या साठ्यांत भर आहे ती त्याआधीच्या, ऑगस्टस-टायबेरियसच्या नाण्यांची.

सोपारा आणि कल्याण ही बंदरं आपल्या दाराशी, तेव्हा सर्वांत जास्त नाणी महाराष्ट्रातच मिळाली असतील, असंही वाटतं. प्रत्यक्षात मोठे साठे निघाले ते कोइंबतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात. मग इथली चांदी गेली कुठे? ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी-वर्णनात नोंद आहे की भडोचला रोमन नाणी स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होई. ती रोमन नाणी वितळवून पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या क्षत्रप नहपानाची नाणी पाडली गेली, असं काही अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची 13 हजारांवर नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. हरलेल्याचं नाणं मोडण्यापेक्षा त्यावरच शिक्का मारणं सोपं.

राहिला असं जुनं नाणं सापडलं की लाखो रुपये मिळतात, हा समज. भारतात देनारिउसच्या जुन्या नकलाही मिळतात, अक्षरं वेडीवाकडी असलेल्या; आजच्या बनावट नाण्यांचा तर सुकाळ आहे. आणि जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं, तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.