घराण्याची बंदूक

गेल्या उन्हाळ्यांत कुपवाडांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील वडीलधारे गृहस्थ निवर्तले. दिवसकार्य आटोपलें, आणि माजघरांतील कपाटांतून एक दुनळी बंदूक बाहेर निघाली. "बंदूक घरचीच, तिला कोण विचारतो?" असें धाकटे चिरंजीव म्हणाले. विचारणारा कायदा आहे, आणि बंदुकीच्या बाबतींत तो एकत्र कुटुंब ओळखीत नाहीं, हें त्यांच्या ध्यानींमनीं नव्हतें.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवाना एका व्यक्तीचा असतो. तो शेतवाडीसारखा वारसाकडे चालत येत नाहीं. धनी गेला कीं तीच बंदूक, त्याच कपाटांत, त्याच कुलुपाआड असूनहि बेकायदा ठरते. २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा ताब्यास साधारणतः २ ते ५ वर्षें कैदेची शिक्षा आहे. तेव्हां विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यास कळवून ती तेथें, अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे, जमा करावी व पावती जपून ठेवावी. मग वारसानें स्वतःच्या नांवें जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे सांगलीस कलेक्टरांकडे, अर्ज करावा. २०१६ च्या नियमांप्रमाणें परवानेदारास ७० वर्षें पूर्ण झालीं, किंवा परवाना २५ वर्षें बाळगून झाला, तर त्याच्या हयातींतच वारसाला अर्ज करतां येतो. आम्हांस हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. पण वडिलांपुढें ही गोष्ट काढणार कोण?

दुसरी अडचण संख्येची. १९८३ पासून एकास ३ बंदुका ठेवतां येत. २०१९ मध्यें त्या २ झाल्या, आणि वडिलार्जितहि त्यांतच मोजावयाच्या. थोरल्यांच्या नांवें २ अगोदरच होत्या. ठासणीची जुनी बंदूक असेल तर ती गंजली म्हणून सुटली, असेंहि नव्हे. दुरुस्त करूनहि जी उडणार नाहीं तीच कायद्यांतून मोकळी.

ही चर्चा चालू असतां अमेरिकेहून आलेले भाचे म्हणाले, "तिकडे बार उडाल्याचा आवाज दबविणारी नळीहि मिळते, आणूं का?" तिकडे प्रांताप्रांतांचे कायदे निराळे, टेक्सासमध्यें ती ठेवतां येते, कॅलिफोर्नियांत मनाई. आपल्या येथें देशभर एकच कायदा, आणि त्याच्या व्याख्येंत ती नळीच 'अग्निशस्त्र' आहे! नुसती नळी बाळगणें म्हणजे बंदूक बाळगणेंच. भाचे गप्प झाले.

थोरल्यांनीं दुसरेच दिवशीं बंदूक जमा केली. आतां धाकट्यांचा अर्ज कलेक्टर कचेरींत आहे. कपाटांतली ती जागा मातोश्रींनीं अद्याप रिकामीच ठेविली आहे.