गूळ घातला म्हणजे बिनसाखरेचं झालं?

घरी केलेल्या ग्रॅनोलाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आमच्यात साखर अजिबात नसते हो, फक्त मध आणि गूळ.’ चांगली शिकलेली माणसंही हे म्हणतात. मुलांच्या वाटीत डावभर ग्रॅनोला वाढताना म्हणतात आणि मधुमेह असलेल्या आजोबांच्या वाटीत वाढतानाही म्हणतात. काळजी वाटते ती या दुसऱ्या वाटीची. म्हणून हे वाक्य एकदा नीट तपासून घेऊ.

ग्रॅनोला म्हणजे भाजलेलं धान्य, दाणे, बिया आणि त्यांना धरून ठेवणारं काहीतरी गोड. नेहमीची कृती घ्या: ३०० ग्रॅम ओट्स, १५० ग्रॅम दाणे-बिया, ७५ ग्रॅम मनुका, पाव कप तेल आणि अर्धा कप मध. अर्धा कप मध वजनाला सुमारे १७० ग्रॅम भरतो. मधात साधारण ८० टक्के साखरच असते, म्हणजे कढईत जवळपास १३५ ग्रॅम साखर गेली. भाजून झाल्यावर सगळा ऐवज ७०० ग्रॅमच्या आसपास उरतो. त्यातली १०० ग्रॅमची वाटी भरली की १९-२० ग्रॅम साखर पोटात जाते. चहाचे पाच चमचे! मनुकांचा गोडवा यात धरलेलाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं, असं त्या सांगतात. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. या हिशेबात मध धरायचा, हे तिथे स्पष्ट लिहिलं आहे. गुळाबद्दल तर वादच नको, तो उसाचा रस आटवूनच होतो. लहान मुलाला उष्मांक कमी लागतात, त्यामुळे त्याची मर्यादाही खाली येते. सकाळची एक वाटीच त्यातला मोठा वाटा खाऊन टाकते.

आणखी एक गोष्ट. मध साखरेपेक्षा जड असतो. चहाच्या सपाट चमच्यात साखर चार ग्रॅम मावते, त्याच चमच्यात मध सात ग्रॅम बसतो आणि त्यात साडेपाच ग्रॅमच्या वर साखर असते. साखरेच्या जागी ‘तेवढेच चमचे’ मध घालणारा घरात साखर वाढवतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पण गुळात लोह असतं ना!’ असतं, पण किती? १५ ग्रॅम गुळातून जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. पाव किलो गूळ खाऊनही निम्मी गरज जेमतेम भागेल. नंदुरबार जिल्ह्यात तर हा गैरसमज जास्त महागात पडतो, कारण इथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलमधलं रक्त कमी होणं रक्तपेशीतल्या आनुवंशिक दोषामुळे होतं, गूळ खाऊन ते भरून येत नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात तर लोह जास्तही साठू शकतं. मूल फिकट दिसतंय म्हणून गूळ वाढवू नका, आधी त्याची तपासणी करून घ्या.

मग घरच्यांसाठी ग्रॅनोला करायचाच नाही का? जरूर करा. फक्त गोड कढईत घालू नका, वाटीत घाला. घरात एक वर्षाचं मूल असतं, शेतावर राबणारा माणूस असतो, मधुमेही आजी असते. सगळ्यांसाठी मिळून एकदाच पाक ओतला, तर प्रत्येकाच्या सोयीचा ग्रॅनोला होणार कसा?

नंदुरबारमधल्या कोरीटसारख्या गावात त्यासाठी लागणारं बहुतेक सामान हाताशी मिळतं. चार वाट्या ज्वारीच्या लाह्या किंवा पोहे, वाटीभर शेंगदाणे, अर्धी वाटी तीळ, अर्धी वाटी भोपळ्याच्या बिया, पाव वाटी जवस. जाड बुडाच्या कढईत प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. शेंगदाणे मंद आचेवर, सालं सुटेपर्यंत. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवायचे, नाहीतर कडवट होतात. जवस भाजून भरड वाटायचं, कारण अख्खं जवस बरंचसं न पचताच बाहेर पडतं. शेवटी दोन चमचे तेलावर लाह्या, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून सगळं एकत्र परतायचं. परातीत पसरून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचं. कोमट भरलं तर वाफ धरते आणि लाह्या चिवट होतात.

पाक नसल्यामुळे याचे खडे होणार नाहीत, मिश्रण सुटंच राहील. एवढी तडजोड करावी लागते. पण डबा एकच राहतो आणि वाट्या वेगवेगळ्या होतात. मुलाला कुस्करलेलं केळं आणि दूध. राबणाऱ्या माणसाला चमचाभर गूळ. आजीला लाह्या कमी, दाणे-बिया जास्त आणि वर घट्ट दही, कारण फुललेलं धान्य रक्तातली साखर चटकन वाढवतं.

आता उरलेले गैरसमज थोडक्यात.

‘ओट्सशिवाय ग्रॅनोला होत नाही.’ १८६३ साली अमेरिकेत जेम्स जॅक्सन यांनी केलेला मूळ पदार्थ गव्हाच्या पिठाचा होता. ओट्समधला बीटा-ग्लुकन हा तंतू ज्वारीत तेवढा नाही, हे खरं. पण ज्वारीतही तंतू भरपूर आहेत, आणि खानदेशात दादर ज्वारी पिकत असताना ओट्सवाचून कुणाचं अडत नाही.

‘ओव्हन लागतोच.’ लागत नाही. मंद आच आणि सतत हलता हात पुरतो.

‘मोहाची फुलं फक्त दारूसाठी.’ सातपुड्यात ती वाळवून खाण्यातही वापरतात. स्वच्छ निवडून, भाजून थोडी घाला. गोड असतात, तेव्हा वर गूळ नको.

‘मध बाळाला चाटवायचाच असतो.’ एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, बोटुलिझमचा धोका असतो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणेही देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

‘भाजलं की खराब शेंगदाणाही चालतो.’ चालत नाही. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजून पूर्ण जात नाही. काळे, सुरकुतलेले, खवट दाणे भाजण्याआधीच निवडून फेका.

‘पाकिटावर साखर शेवटी लिहिली आहे, म्हणजे कमीच असणार.’ घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे. त्यामुळे मध, गूळ, ग्लुकोज सिरप अशी वेगवेगळी नावं खाली विखुरली जातात. ती सगळी मिळून साखरच आहे. पोषणतक्त्यात ‘वरून घातलेली साखर’ किती ग्रॅम आहे ते बघा आणि मगच पाकीट पिशवीत टाका.