ऑइल कूलर बसवायच्या जागेचेच आटे गेले तर?

इंजिन उतरवलं, नव्या रिंगा आल्या आणि बांधताना मेकॅनिक म्हणतो, 'साहेब, ऑइल कूलरच्या बोल्टचे आटे गेलेत.' काम बारीक वाटतं. पण इथे चालढकल नको.

अनेक गाड्यांत या कूलरमधून ऑइल आणि कूलंट शेजारीशेजारी फिरतात. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटच्या कितीतरी पट असतो, म्हणून सील ढिलं असेल तर ऑइल कूलंटमध्ये शिरतं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब संपतो, गरम कूलंटचा मात्र काही काळ टिकतो. मग कूलंट उलट ऑइलमध्ये झिरपतं. ऑइल चहासारखं दुधाळ होतं ते यामुळेच, आणि त्याने बेअरिंग जातात.

नुसते आटे गेले असतील तर हेलिकॉईल पुरतं. 8 मिमीच्या बोल्टसाठी सुमारे 8.3 मिमीचं भोक पाडून खास टॅप मारतात आणि स्प्रिंगसारखी स्टीलची गुंडाळी बसवतात. बोल्ट जुन्याच मापाचा चालतो. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये हे आटे मूळ आट्यांपेक्षाही टिकतात.

कानच तुटला असेल तर आर्गन वेल्डिंग. मात्र तेल मुरलेलं ॲल्युमिनियम नीट साफ केल्याशिवाय वेल्ड धरत नाही, आणि उष्णतेने पृष्ठभाग वाकू शकतो. त्यामुळे नंतर सरळपट्टी लावून तपासा, गरज पडल्यास मिलिंग करून घ्या. एपॉक्सी थापून भागवणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

आणि ड्रिलचा चुरा! कूलर फिल्टरच्या पुढे असेल तर तो अडवायला मध्ये काहीच नसतं. ऑइलच्या वाटा धुऊन, हवा मारूनच नवं गॅस्केट बसवायचं.