वाफे बांधा, पण पायांत बूट हवेत

पाऊस ओसरू लागला की परसात कुदळ पडते. मेथी, पालक, मुळा, कोथिंबिरीचे वाफे तयार होतात. फळे आणि भाज्या मिळून रोज किमान ४०० ग्रॅम खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरच्या वाफ्यामुळे ते सोपे होते. मात्र ज्या मातीत हात घालायचा, तिची नीट ओळख हवी.

पालेभाज्यांना सपाट वाफे चालतात, वांगी-टोमॅटोला सरी-वरंबा लागतो. रोपे तयार करायला किंवा पाणी साचणाऱ्या जागी गादीवाफा बरा. तो साधारण १ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच करतात. एवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाफा तुडवावा लागत नाही. तुडवलेली माती दबते, मुळांना हवा मिळत नाही. खणणेही वाफसा आल्यावरच करावे. काळी माती ओली खणली तर ढेकळे होतात. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्यांनी विटा रचून दीड-दोन फूट उंच वाफा केला, तर वाकणे वाचते.

वाफ्यात ताजे शेण घालू नये. त्यात आतड्यातले रोगजंतू असतात आणि ते पालेभाजीवरून पोटात जाऊ शकतात. खताचा ढीग वरखाली करत नीट कुजवला आणि त्याचे तापमान काही दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर बहुतेक जंतू मरतात. धनुर्वाताचे बीजाणू मात्र त्यातूनही तगतात. ते मातीत वर्षानुवर्षे राहतात.

खुरपे लागते, काटा रुततो. जखम किरकोळ म्हणून माणूस विसरतो. साधारण आठवडाभराने जबडा आखडतो, तोंड उघडत नाही, मग सर्वांगाला झटके येतात. धनुर्वात झाल्यावर अतिदक्षता विभागात उपचार करूनही रोगी दगावू शकतो. लसीने तो टळतो. मोठ्यांनीही दर १० वर्षांनी टीडी लसीचा डोस घ्यावा. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षे उलटली असतील, तर पुन्हा डोस लागतो. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. तिच्यावर माती, शेण किंवा हळद लावू नये.

माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या ओल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असतात. त्या अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात. पुढे हे कृमी आतड्यात रक्त शोषतात आणि रक्तक्षय होतो. म्हणून वाफ्यात उतरताना बूट घालावेत, कामानंतर नखांसह हात साबणाने धुवावेत आणि वाफ्याला सांडपाणी देऊ नये.

बियाणे आणायला निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाने शेवटचा डोस कधी घेतला, ते आठवून पाहावे. आठवत नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे.