रिमोटवरच्या गाडीचं नायट्रो इंजिन दगा देतंय?

आधी ग्लो प्लग काढून बघा. इग्नायटर लावताच प्लॅटिनमची तार लख्ख नारिंगी पेटली पाहिजे. चार्ज केलेल्या इग्नायटरवरही ती मंदच राहिली, तर प्लग बदला.

प्लग ठणठणीत असेल, तर धुराकडे पाहा. या इंजिनात वंगणाचं तेल इंधनातच मिसळलेलं असतं; भरधाव गाडीमागे धुराची रेघ नसेल, तर पिस्टन कोरडा पडतोय. लगेच थांबा, कार्ब्युरेटरवरची मुख्य इंधन-सुई डावीकडे १/८ फेरा सैल करा. हेडचं तापमान साधारण १०५ ते १२० अंश सेल्सिअस असावं. धूर दाट आणि गाडी सुस्त असेल, तर सुई तेवढीच आवळा.

सुई फिरवूनही इंजिन स्थिर होईना? कार्ब्युरेटरच्या बुडाशी किंवा इंधननळीच्या बारीक चिरेतून हवा शिरत असणार.