एक रकाना बदलला, इंडेक्स किती हलले?

मागच्या वेळी आपण इंडेक्समुळे शोध कसा झटपट होतो ते पाहिलं. आज बघू, अपडेटच्या वेळी त्याच इंडेक्सपायी काय मोजावं लागतं. उदाहरण पोस्टग्रेसचं घेऊ, कारण तिथे हा खर्च उघड दिसतो.

समजा ऑर्डर्सचं टेबल आहे, त्यावर सहा इंडेक्स. आपण एका ओळीची फक्त ‘स्थिती’ बदलली, आणि त्या रकान्यावर तर इंडेक्सही नाही. वाटतं, तेवढाच शब्द खोडून नवा लिहिला जाईल. तसं होत नाही. पोस्टग्रेस जुनी ओळ तशीच ठेवतं आणि पूर्ण नवी ओळ लिहितं, कारण आधीपासून चालू असलेल्या ट्रान्झॅक्शनला अजून जुनीच ओळ दिसायला हवी. नव्या ओळीचा पत्ता नवा, आणि इंडेक्समध्ये असतो तो हाच पत्ता. म्हणजे साध्या वाटेने गेलं तर एका शब्दापायी सहाही इंडेक्समध्ये नवी नोंद, शिवाय प्रत्येक नोंद लॉगमध्येही. जुन्या नोंदी नंतर व्हॅक्यूमने झाडायच्या, ते वेगळंच.

२०१६ साली उबरने पोस्टग्रेसकडून मायएसक्यूएलकडे जाण्याची जी कारणं जाहीर केली, त्यात हे एक होतं. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत दुय्यम इंडेक्स ओळीचा पत्ता नाही, प्रायमरी की ठेवतो; त्यामुळे ज्याचा रकाना बदलला तोच इंडेक्स हलतो. फुकट तिथेही काही नाही. दुय्यम इंडेक्समधून आधी की मिळते, मग ती घेऊन दुसऱ्या झाडात उतरायचं.

पोस्टग्रेसकडे उतारा आहे, २००८च्या ८.३ आवृत्तीपासून. नाव ‘हॉट’, म्हणजे हीप ओन्ली टपल. इंडेक्समधला कुठलाच रकाना बदलला नसेल आणि नवी ओळ त्याच पानात मावली, तर इंडेक्सला हात लागत नाही. इंडेक्स जुन्याच जागी आणून सोडतो, तिथून खूण धरत नव्या ओळीपर्यंत पोचायचं. घर बदलताना जुन्या दारावर पाटी लावून जावं, तसं.

खरी मेख पहिल्या अटीत आहे. ‘शेवटचा बदल’ हा वेळेचा रकाना बऱ्याच टेबलांत असतो आणि प्रत्येक अपडेटला बदलतो. कुणीतरी महिन्यातून एकदा लागणाऱ्या रिपोर्टसाठी त्यावर बी-ट्री इंडेक्स टाकतं. झालं! त्यानंतर तो रकाना बदलणारं एकही अपडेट हॉट होत नाही, आणि त्या एकापायी बाकीचे सहाही राबतात. आमच्या मते असा रिपोर्ट चार मिनिटं जास्त चालला तरी परवडतो.

दुसऱ्या अटीसाठी फिलफॅक्टर. पान ८ किलोबाइटचं, आणि टेबलाचा फिलफॅक्टर मुळात १००, म्हणजे पान काठोकाठ भरायचं. सतत अपडेट होणाऱ्या टेबलाला ९० किंवा ८५ देऊन बघा. फक्त हे नव्या पानांनाच लागू होतं. जुनी पानं टेबल पुन्हा लिहिल्याशिवाय तशीच राहतात. फरक पडला का ते ‘पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स’मध्ये दिसेल. तिथे एकूण अपडेट आणि हॉट अपडेट असे दोन वेगळे आकडे असतात.