बॉक्स आधी, वॉट नंतर

सकाळी ९:३०

पुण्यात नाना पेठेजवळच्या आमच्या वर्कशॉपचं शटर वर जातं आणि पहिली गाडी आत येते. चार मीटरच्या आतली हॅचबॅक, डिकीत १२ इंची सबवूफरचा तयार बॉक्स. मालक पंचविशीतला. म्हणतो, “काका, बेस नुसता घुमतो. मोठा अँप टाकू का?”

मी त्याच्या शेजारी बसून आधी ऐकतो. तबला सोलोचं रेकॉर्डिंग लावतो, कारण डग्गा खोटं बोलत नाही. मनगटाचा दाब वाढला की त्याचा सूर वर सरकतो आणि ती मींड स्पष्ट कळायला हवी. या गाडीत ती हरवते. डग्गा असो, ढोलकी असो की बेस गिटार, सगळ्यांचा एकच “ढुम्म” होतो. अशा वेळी मोठा अँप म्हणजे वाया गेलेले पैसे. वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि त्याबरोबर दोषही तेवढाच वाढतो. मी त्याला सांगतो, “अरे, अँप राहू दे. आधी बॉक्स बघू.”

सकाळी १०:१५

बॉक्स गाडीबाहेर काढून टेबलावर घेतो. पहिली तपासणी उदबत्तीची. सबवूफरला ३० हर्ट्झचा हलका टोन देऊन पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून हळूहळू फिरवतो. हवा गळत असेल तिथे धूर थरथरतो. मागच्या खालच्या कडेला आणि तारेच्या टर्मिनलपाशी तो थरथरला. एवढ्याशा फटीनेही बेस पातळ होतो आणि वर शिट्टीसारखा आवाज येतो.

दुसरी तपासणी हाताची. टोन ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत चढवत प्रत्येक फळीवर तळवा ठेवतो. वरची फळी चांगलीच थरथरते. फळी हलते तेव्हा तिचा आवाज सबवूफरच्या आवाजात मिसळतो आणि ऐकणारा त्यालाच बेस समजतो.

तिसरी तपासणी डोळ्यांची. पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी पाइप असलेल्या, बॉक्समध्ये ज्या फ्रीक्वेन्सीला सबवूफरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) सगळ्यात कमी हलतो, ती त्या बॉक्सची ट्यूनिंग. टोन एकेक हर्ट्झने सरकवत कोनावर नजर ठेवतो. इथे तो ४६ ला जवळजवळ स्थिर होतो. घुमण्याचं कारण सापडलं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, म्हणजे या ट्यूनिंगच्या खालची. ४६ च्या आसपासचं सगळं फुगतं आणि खालचं झपाट्याने गळतं.

सकाळी ११:१५

आता हिशेब. बॉक्स आतून ५६ × ३३ × ३२ सेंटिमीटर, म्हणजे ५९ लिटर. पोर्टचा पाइप आतून १० सेंटिमीटर व्यासाचा, लांबी जेमतेम १३. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली जशी आपल्या सुरात वाजते, तसंच पोर्टमधली हवा बॉक्समधल्या हवेच्या स्प्रिंगवर डोलते. पाइप लांब केला की डोलणाऱ्या हवेचं वजन वाढतं आणि सूर खाली येतो.

ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये हे गणित मांडलं आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. सबवूफरच्या कागदावरचे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे त्यांच्याच कामातून आले. क्यूटीएस, म्हणजे सबवूफरचं डोलणं किती लवकर आवरतं त्याचा आकडा, ०.४ च्या आसपास किंवा खाली असेल तर पोर्टचा बॉक्स मानवतो. ०.५ च्या वर गेला की बंद बॉक्स बरा. या सबवूफरला पोर्ट चालतो.

सबवूफरची मागची बाजू, नवा पाइप आणि आतले आधार मिळून ८ लिटर जातील, उरतील ५१. तेवढ्यात ३५ हर्ट्झ हवे असतील तर पाइप ३० सेंटिमीटर लागतो. पण बॉक्सची खोली ३२. पाइपाचं आतलं टोक आणि भिंत यांच्यात निदान पाइपाच्या व्यासाएवढी जागा लागते, नाहीतर हवा कोंडते. म्हणून एल्बो लावून पाइप वळवायचा आणि लांबी मधल्या रेषेवरून मोजायची.

दुपारी १२:१५

सुतारकाम. सबवूफर काढला की २८ सेंटिमीटरचं भोक मिळतं. त्यातून अख्खी चौकट आत जात नाही, म्हणून आमचे सुतारकाका लाकडी दांड्या नेमक्या मापात कापून समोरासमोरच्या फळ्यांमध्ये आडव्या बसवतात. विनाधार रुंदी कमी झाली की फळीची स्वतःची कंपनं वर सरकतात आणि सबवूफरच्या पट्ट्याबाहेर जातात. दांड्यांना लवकर धरणारा गोंद आणि बाहेरून स्क्रू.

आतल्या सगळ्या कडांना गोंद आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा बोटाने भरतो. आंबट वासाचा सिलिकॉन मी इथे वापरत नाही. तो सुकण्याआधी सबवूफर बसवला तर कोंडलेल्या वाफेने त्याच्या कडेचा फोम खराब होऊ शकतो. पाइपाची दोन्ही तोंडं राऊटरने गोल करतो. धारदार कडेवर वेगाची हवा फाटते आणि “फस् फस्” ऐकू येतं.

दुपारी १:३०

डबे उघडतात, बॉक्स क्लॅम्पमध्ये राहतो.

दुपारी २:१५

गोंद धरेपर्यंत गाडीचं काम. बॅटरीची तार तपासतो, फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत आणतो आणि अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून लखलखीत पत्र्यावर वायर आवळतो. मग नंबर प्लेट, पार्सल ट्रे, जॅकचा पाना, डिकीचं झाकण. खडखडणाऱ्या प्रत्येक जागी फोमची पट्टी किंवा ब्यूटाइलची शीट. बॉक्स कितीही चांगला असला तरी कानाला पत्राच ऐकू आला तर मेहनत फुकट.

दुपारी ३:००

मधल्या वेळात दुसरी गाडी. सीएनजीची टाकी असल्याने डिकीत जागा थोडी, म्हणून छोटा बंद बॉक्स. त्यात पॉलिएस्टर फायबर मोकळं करून भरतो, दाबून कोंबत नाही. तंतू हवेची उष्णता घेतात आणि परत देतात, त्यामुळे सबवूफरला बॉक्स आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. पोर्टच्या बॉक्समध्ये मात्र फायबर फक्त भिंतींना आणि पोर्टचं तोंड पूर्ण मोकळं.

दुपारी ४:००

पहिल्या बॉक्सची पुन्हा उदबत्ती. धूर सरळ. कोन आता ३५ हर्ट्झला स्थिर होतो. हा आकडा दिसला की हिशेब लाकडात उतरल्याची खात्री पटते.

मग अँप. बेस बूस्ट शून्यावर. सबवूफरची तार काढून ५० हर्ट्झचा टोन देतो आणि मल्टिमीटरवर गेन लावतो. ४ ओहमला ३०० वॉट म्हणजे ३४.६ व्होल्ट, त्यापुढे नाही. लो-पास, म्हणजे वरचे सूर अडवणारा फिल्टर, ८० हर्ट्झला. सबसॉनिक फिल्टर ३० ला, कारण ट्यूनिंगच्या खाली पोर्ट कोनाला आधार देत नाही आणि व्हॉइस कॉइल बेफाम हलते.

संध्याकाळी ५:१५

बॉक्स गाडीत. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर, गाडीपेक्षा दुप्पट. त्यामुळे काचा बंद असताना केबिनची हवा एकदम दाबली जाते आणि खालचे सूर आपोआप वाढतात. म्हणूनच घरातलं माप गाडीत जसंच्या तसं चालत नाही. कोन मागच्या दाराकडे वळवून, मग सीटकडे वळवून ऐकतो. ८० हर्ट्झच्या टोनवर फेज बदलून बघतो. ड्रायव्हरच्या सीटवर जिथे आवाज भरीव लागतो, ती जोडणी कायम.

संध्याकाळी ६:००

मालक येतो. तोच तबला लावतो. डग्ग्याचा सूर वर चढताना ऐकू येतो आणि थाप पडल्यावर थांबतोही. त्याचा हात आवाजाच्या बटणाकडे जातो, तो आवाज कमी करायला. स्वच्छ बेस कमी आवाजातही पुरतो, हे तो स्वतःच्या कानांनी शिकला. मी दोन गोष्टी सांगतो. गोंद पूर्ण मुरेपर्यंत आजची रात्र जोरात वाजवू नकोस. आणि दिवस कुठलाही असो, वस्तीत काचा उघड्या ठेवून वाजवू नकोस. कायद्याने निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि शेजाऱ्याच्या झोपेचा मान तर कायदा नसता तरी राखायलाच हवा.

संध्याकाळी ७:००

शेवटचं काम माझ्या मते सगळ्यात गरजेचं. बॉक्सच्या मागे एक चिठ्ठी चिकटवतो: निव्वळ ५१ लिटर, पोर्ट १० × ३० सेंटिमीटर, ट्यूनिंग ३५ हर्ट्झ, लो-पास ८०, सबसॉनिक ३०. उद्या सबवूफर बदलला, गाडी विकली किंवा दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली, तर त्याला अंदाजाने काही करायला लागू नये. आमच्या धंद्यात वॉटचे आकडे मोठ्या अक्षरात छापतात आणि लिटरचे कुणी सांगतही नाही. ग्राहकांनी ते मागावेत. बॉक्स किती लिटरचा आणि कितीला ट्यून केलाय, याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडून बॉक्स घेऊ नये.